‘थांबा’ म्हटलं म्हणून थांबलो

ऑफिसात तिला सगळे सेकंदबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या त्या कंपनीत ती लोकांच्या वेबसाइट मोजायची. एखादं पान फोनवर उघडायला घेतलं की ते कुठे अडखळतं, कुठलं चित्र नको इतकं जड झालंय, कुठली फाइल कुणी बोलावलं नसताना पुढे पुढे करतेय, ते हुडकायचं आणि पान हलकं करायचं, हे तिचं काम. त्यासाठी मोजणारी टूल्स होती. वेबसाइटचा पत्ता त्यात घातला की टूल स्वतः ते पान उघडून बघायचं आणि शंभरापैकी गुण द्यायचं. गुण चांगले असले की हिरवं वर्तुळ, बेताचे असले की नारिंगी, नापास असलं की लाल. ऑफिसात कुणी पडेल चेहऱ्यानं आलं तरी ‘काय रे, आज लाल का?’ असंच विचारायचे.

ही मोजायची सवय तिच्या अंगात भिनली होती. लिफ्टचं दार मिटायला वेळ लागला तरी तिच्या कपाळावर आठी चढायची. नवरा म्हणायचा, हिच्यासमोर जांभईसुद्धा आटोपती घ्यावी लागते.

अशा बाईचं घरात सगळ्यात छान कुणाशी जमावं, तर सासऱ्यांशी. आणि सासऱ्यांना तर हल्ली एकेका शब्दाला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात दुसऱ्या माणसाचं अख्खं भांडण आटपावं.

आप्पा शिंपी. वळणावरच्या दुकानात आयुष्यभर मशीन चालवलेलं. सेकंदबाईची लेक पाळण्यात होती तेव्हा हिला ही नोकरी चालून आली. बाळाला बघायला कुणी नव्हतं. नवऱ्याची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. ती नोकरीला नाही म्हणायला निघालीच होती. तेवढ्यात एका सकाळी आप्पा टेम्पोत मशीन घालून घरी हजर. खिडकीपाशी जागा करून घेतली आणि म्हणाले, दुकानात उजेड कमी पडतो. दुकान चांगलं रस्त्याच्या तोंडाला, उन्हातलं होतं. हे तिलाही माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, आणि दोघांपैकी कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही. लेक मशीनच्या पायाशी रिकाम्या रिळांचे मनोरे रचत मोठी झाली आणि आई चष्म्याच्या दुकानावर बसून आपला धंदा शिकली.

त्या घरात आभार मानायची रीतच नव्हती. कुणी चुकून आप्पांना ‘थँक्यू’ म्हटलंच, तर ते चष्म्यावरून बघत विचारायचे, ‘का, कुठे निघालीस?’

एकदा तिनं आपलं काम त्यांना समजावून सांगितलं होतं. त्यांनी दोरा दातानं तोडत ऐकून घेतलं.

‘म्हणजे तू मापं घेतेस.’

‘हो.’

‘आणि जास्तीचं कापतेस.’

‘हो, तसंच.’

‘मग सरळ सांग की शिंपीण आहेस.’

मागच्या वर्षी आप्पांना झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, शब्द मात्र मागे राहिले. डोक्यात सगळं जागच्या जागी, पण तिथून तोंडापर्यंत यायची वाट लांब झाली. मग घरातले मदतीला धावले. मुलगा प्रेमापोटी आणि नात घाईपोटी, दोघंही आप्पांचे शब्द पुरे करू लागली. त्यांनी ‘पा’ म्हटलं की पाण्याचा पेला पुढे. बिचाऱ्यांना हवे असायचे पायमोजे. पण समजावत बसायचं म्हणजे पुन्हा शब्द आले, त्यापेक्षा ते गपचूप पाणी पिऊन टाकत.

सेकंदबाई तेवढी थांबायची. लिफ्टवर वैतागणारी ही बाई सासऱ्यांसमोर हात बांधून, घड्याळाकडे न बघता, त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. नवऱ्यानं एकदा विचारलं, तुला हे जमतं कसं? ती म्हणाली, यात काही थोरपणा नाही, हे धंद्यातलं ज्ञान आहे. पान उघडायला वेळ लागतोय म्हणजे आत काम चालू आहे. मध्येच आपण पुन्हा बटण दाबलं की ते बिचारं पहिल्यापासून सुरू करतं.

आप्पांना बोलण्याचे व्यायाम सांगितले होते. त्यासाठी बसनं जावं लागे. घरात त्याला ‘आप्पांची शाळा’ म्हणत. शाळेत मी एकटा जाणार, हे त्यांनी एक अख्खी संध्याकाळ खर्ची घालून सगळ्यांना सांगितलं. नणंदबाईंचा विरोध होता. त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. मन मोठं, आवाज त्याहून मोठा. मी बाबांना गाडीनं नेते-आणते, नाहीतर सरळ माझ्याकडेच घेऊन जाते, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्या कशाबशा कबूल झाल्या. इस्त्रीचा शर्ट घालून, सुनेचा जुना, कोपरा तडकलेला फोन खिशात टाकून आप्पा एकटे निघू लागले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, माझ्यापेक्षा त्यांना बसचाच गुण येतोय. बसमध्ये कुणी ओळखीचं नाही, त्यामुळे त्यांचे शब्द पुरे करायला कुणी धावत नाही. आप्पांना आपलं आपणच बोलावं लागे, आणि ते बोलत.

हे सगळं छान चाललं होतं, आणि ते बिघडलं ते नेमकं सेकंदबाईच्याच कंपनीमुळे.

गावातल्या बसची नवी वेबसाइट त्यांनी केली होती. बस कुठे आहे, किती वेळात येईल, रस्ता बदललाय का, सगळं फोनवर दिसणार. म्हणून बसच्या ऑफिसनं थांब्यांवरचे वेळापत्रकाचे कागद काढून टाकले. टूलनं या वेबसाइटला असे झकास गुण दिले होते की ऑफिसच्या सरांनी ते हिरवं वर्तुळ छापून भिंतीवर चिकटवलं. त्यातल्या चित्रांचं काम एका हौशी पोराकडे होतं, त्याला सगळे रंगोबा म्हणत. पान उघडेपर्यंत लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून रंगोबानं एक लाल बस काढली. गरागरा फिरणारी चाकं, हसरे दिवे, आणि खाली ठसठशीत अक्षरांत एकच शब्द: थांबा. सेकंदबाईनंच ती तपासून पास केली होती.

त्यानंतर दोनदा आप्पा शाळेत पोचलेच नाहीत. थांब्यावर बसून बसून घरी परतले. दुसऱ्या वेळी तिकडच्या बाईंचा फोन नणंदबाईंना गेला आणि त्या तासाभरात दारात. सगळे बाहेरच्या खोलीत जमले. आप्पा मशीनपाशी, नणंदबाई त्यांच्यासमोर उभ्या.

‘बाबा, बस का नाही घेतलीत?’

आप्पांनी शब्द गोळा केले. ‘थांबा म्हटलं,’ ते म्हणाले. ‘म्हणून… थांबलो.’

‘हो ना. थांब्यावर थांबायचंच असतं. पण बस आली की चढायचं असतं.’

आप्पांनी मान हलवली. ‘थांबा… म्हटलं.’

‘कोण म्हटलं?’

‘बस.’

नणंदबाईंना वाटलं, आपल्याला बसायला सांगताहेत. त्या खुर्ची ओढून बसल्या. आप्पांच्या कपाळाची शीर ताठ झाली.

‘तू नाही. बस… म्हटली. थांबा.’

नणंदबाई उठल्या. भावाला डोळ्यांनी खुणावून त्या आतल्या खोलीत गेल्या. आवाज खाली आणायची त्यांना सवय नसल्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू आलं. आता नुसत्या शब्दांचं राहिलेलं नाही. बस बोलते म्हणे त्यांच्याशी. पुन्हा एकदा चुकू दे, मग मी एक ऐकणार नाही, त्यांना माझ्याकडे घेऊन जाईन. एकट्यानं कुठे जायचं नाही की यायचं नाही.

आप्पांनीही ते ऐकलं. त्यांनी मशीनवर झाकण घातलं, आणि त्या झाकणावर हात ठेवून बसून राहिले.

सेकंदबाईला झोंबलं ते एवढंच, की सगळ्यांनी आप्पांची वाक्यं पुरी केली होती, पण हे वाक्य तर आप्पांनी स्वतःच पुरं केलं होतं. थांबा म्हटलं म्हणून थांबलो. आधी कारण, मग क्रियापद, सगळं नीट. मग ते खोटं कसं असेल?

पुढच्या शाळेच्या दिवशी तिनं सकाळची सुट्टी टाकली आणि त्यांच्याबरोबर निघाली. मी काही मदत करणार नाही, नुसती बघणार, असं तिनं आधीच सांगून टाकलं. आप्पांनी हरकत घेतली नाही. थांब्यावर त्यांच्याच वयाचे दोघंतिघं बसलेले. समोरचा रस्ता पाइपसाठी खणलेला. आप्पांनी फोन काढला, बसचं पान उघडायला घेतलं, आणि फोन तिच्यासमोर धरला. लाल बस. फिरणारी चाकं. खाली ठसठशीत: थांबा.

‘बघ,’ आप्पा म्हणाले. ‘थांबा.’

त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला आणि ते निवांत बाकावर बसले. आता बसवाल्यांनीच थांबा म्हटल्यावर माणूस आणखी काय करणार? बस येतेय, जाऊ नका, थांबा. एवढ्या आदरानं तर त्या गावात आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सेकंदबाईनं त्यांच्याकडून फोन मागून घेतला, पान पुन्हा उघडायला लावलं आणि हातात धरून उभी राहिली. चाकं फिरत राहिली. एक बाई दोन पोरांना घेऊन आली, वैतागली आणि चालत निघून गेली. चाकं फिरतच होती. कधीतरी एकदाचं पान उघडलं, आणि सगळ्यात वर ओळ दिसली, की खोदकामामुळे ही बस सध्या मागच्या गल्लीतून जाते. तिनं मान वर केली तेव्हा गल्लीच्या टोकाला बसची पाठ वळताना दिसली.

तिला आधी हसू आलं आणि मग ते आवरेना. बाकावरचे लोक बघू लागले.

‘आप्पा, तुमचं बरोबर होतं. बसच म्हणाली. आणि ते मीच तिच्या तोंडी घातलंय.’

आप्पांना उलगडायला थोडा वेळ लागला. तिनं चित्राची सगळी गोष्ट सांगितली: तो शब्द बसचा नाही, पानाचा आहे, पान म्हणतंय की मला उघडायला वेळ लागतोय, तेवढं थांबा. त्यांच्या डोळ्यांतला ताण हळूहळू उतरला. आपलं डोकं ठिकाणावर आहे, हे इतक्या दिवसांनी त्यांना कुणीतरी सांगत होतं. मग त्यांनी फोनवर बोट ठेवलं आणि शिलाई चुकलेल्या नव्या कारागिराला सांगावं तसं एकाच शब्दात सांगितलं.

‘उसव.’

त्या दिवशी ती त्यांना टॅक्सीनं शाळेत पोचवून तशीच ऑफिसात गेली. आप्पांचा फोन तिनं मागून आणला होता. त्यावर पान उघडून टूलला प्रत्येक क्षणाचं चित्र टिपायला लावलं आणि ती चित्रं ओळीनं भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावली. थांबा. थांबा. थांबा. थांबा. अशी लांबच लांब माळ, आणि पार शेवटी बसची वेळ.

‘पण आपल्याला तर हिरवं मिळालंय,’ सर म्हणाले.

‘मिळालंय.’

‘मग ते गुण खोटे?’

‘गुण खरे आहेत, सर. रंगोबाच्या बसचे आहेत.’

तिनं उलगडून सांगितलं. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट किती लवकर दिसते, याला टूल बरेच गुण देतं. आपल्या पानावर सगळ्यात मोठी गोष्ट कुठली, तर ही लाल बस, आणि ती झटकन येते. टूलला वाटलं, आलं पान. म्हणजे टूलही आप्पांसारखंच ‘थांबा’ वाचून निवांत बसलं. शिवाय आपण मोजतो ते ऑफिसच्या नव्याकोऱ्या फोनवर, ऑफिसच्या नेटवर. दुकानातल्या पुतळ्याला सगळेच कपडे नीट बसतात, सर. माप घ्यायचं ते ज्याच्या अंगावर कपडा जायचा त्याचं घ्यायला हवं.

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे वाक्य आपलं नाही. खिडकीपाशी, मशीनच्या आवाजात, आप्पांनी गिऱ्हाइकांना सांगितलेलं ते वर्षानुवर्षं कानावर पडत होतं. म्हणजे आपण मोजायला शिकलो ते नुसतं ऑफिसात नाही.

सरांनी भिंतीवरच्या हिरव्या वर्तुळाकडे बघत विचारलं, की हे चित्र काढून टाकलं तर गुण उतरतील का. उतरतील, ती म्हणाली. सरांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, माझी आईही त्याच बसनं फिरते, कर काय करायचं ते.

मग तिनं पान उसवायला घेतलं. आत काय काय निघालं! अक्षरांचे जाड, बारीक, तिरके असे कधीच न लागणारे फॉन्ट. कुणी विचारलेलं नसताना आधीच उघडणारा अख्ख्या गावाचा नकाशा. उद्घाटनाच्या फितीचा भिंतीएवढा फोटो. कोण आलं, कोण गेलं याची मोजदाद करणारे चार पाहुणे प्रोग्राम, आणि चौघं एकच काम करणारे. तिनं एकेक बाजूला काढलं. आधी साध्या अक्षरांत बसची वेळ आणि रस्ता बदलला असेल तर ती ओळ. नकाशा हवा असेल त्यानं बटण दाबावं. आणि एक बारीकसं माप तिनं पानाच्या आतच शिवलं: ज्याच्या फोनवर पान उघडेल तिथूनच कळावं, की त्याला किती थांबावं लागलं. कोण उघडतंय ते नाही, नुसता वेळ.

रंगोबा शेजारी उभा राहून बघत होता. ‘आणि माझी बस?’

‘नंतर येईल.’

‘म्हणजे शेवटी आपलीही बस लेटच,’ तो म्हणाला, आणि गुपचूप नकाशा हलका करायला बसला.

चित्र काढून टाकल्याबरोबर वर्तुळ नारिंगी झालं. सरांनी भिंतीवरचा कागद स्वतःच्या हातानं उतरवला. काटछाट होत गेली तसे गुण पुन्हा चढले, हिरव्यातही आले, पण पहिल्याइतके काही झाले नाहीत. आप्पांच्या तडकलेल्या फोनवर मात्र बोट टेकवलं की वेळ समोर. तिनं फोन घरी नेऊन त्यांच्या खिशात परत ठेवला. त्यावर काही भाषण केलं नाही.

शाळेचा दिवस उजाडला. नणंदबाई गाडीची किल्ली हातात घेऊनच आल्या होत्या. आप्पा त्यांच्यासमोरून, इस्त्रीच्या शर्टात, एकटे बाहेर पडले. सेकंदबाई त्यांच्यामागून गेली नाही. ऑफिसात टेबलाशी बसून ती लोकांच्या फोनवरून येणारी मापं बघत राहिली. जुने फोन, रडकं नेटवर्क, तरी सगळे पटापट आत येत होते. त्यातला एक आप्पा असतील. कुठला, ते कळणार नव्हतं. मग ती त्या सगळ्यांकडेच आप्पांकडे बघावं तशी बघत राहिली.

फोन वाजला. नणंदबाई होत्या. त्यांचा आवाज प्रथमच लहान झाला होता.

‘पोचले ग. वेळेच्या आधी.’

संध्याकाळी ती घरी आली तर नणंदबाई अजून होत्याच, आणि आप्पा रंगात. मशीनवरचं झाकण काढलेलं. ते सांगत होते, ‘रस्ता… खणलेला. मग मी… मागच्या…’

‘मागच्या गल्लीत गेलात,’ नणंदबाई म्हणाल्या.

आप्पांनी हात वर केला. ‘थांब.’

त्या थांबल्या. खोलीतले सगळेच थांबले.

‘मागच्या… गल्लीत गेलो. जाताना… बाकावरच्या दोघांना… सांगितलं. ते पण… आले.’ त्यांनी दम घेतला. ‘नाहीतर… बसले असते. तेच जुनं… थांबा… धरून.’

नणंदबाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली. पर्सची चेन लावायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, माझ्या दोन ड्रेसची उंची जास्त झालीय, पुढच्या वेळी घेऊन येते, बाबा, जमेल तेव्हा बघा. आप्पांनी मान डोलावली आणि सुनेकडे वळून तक्रार केली, की ती लाल बस कुठे गेली, चाकं छान फिरायची. रंगोबाला हे सांगायचं तिनं मनात टिपून ठेवलं. त्याला इतकं मनापासूनचं कौतुक अजून कुणी पाठवलं नव्हतं.

चहा झाला. खिडकीतला उजेड मशीनच्या चाकावर आला होता. तो बघताना तिला टेम्पोतून उतरवलेलं हे मशीन आठवलं, आणि दुकानातला तो म्हणे कमी पडणारा उजेड. आजवर न बोललेलं तिच्या ओठांवर आलं.

‘आप्पा,’ ती म्हणाली, ‘थँक्यू.’

आप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. शब्द निघालाय हे दिसत होतं, पोचायचा होता. नवऱ्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. नणंदबाईंनी हातातली बशी हळूच खाली ठेवली. सगळे वाट बघत राहिले.

‘का,’ आप्पा म्हणाले, ‘कुठे… निघालीस?’